ही घाण कोणत्या दारची?

पाणी बिघडले, हवा बिघडली असे म्हणून आपण थांबतो. जणू काही हा बिघाड पावसासारखा आकाशातूनच पडतो! वस्तुतः प्रत्येक घाणीला तिचे घर असते आणि ते शोधल्यावाचून तिचा बंदोबस्त होत नाही.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील अरण्यात उगम पावणारी म्हादई सह्याद्री उतरून गोव्यात येते, पुढे मांडवी म्हणविते आणि पणजीपाशी समुद्रास मिळते. वाटेत सत्तरी-डिचोलीच्या बाजूस लोहखनिजाचा पट्टा लागतो. एक टन खनिज काढावयाचे तर सुमारे अडीच-तीन टन माती व दगड उपसावे लागतात. त्यांचे ढीग डोंगरउतारांवर रचले गेले. मृगाच्या सरींबरोबर ती तांबडी माती ओहोळांत, तेथून भातशेतांत व नदीत उतरते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले, तरी ढीग जागच्या जागीच राहिले. आणि पावसाला न्यायालयाचा हुकूम कसा पोहोचावा? कर्ता हात आवरून बसला तरी त्याची घाण वाहतच राहते.

तांबडे पाणी डोळ्यांस दिसते, म्हणून त्याची ओरडही होते. याहून घातक घाण पुष्कळदा दिसतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या हिशेबाप्रमाणे देशातील शहरांतून दररोज सुमारे 7,200 कोटी लिटर सांडपाणी निघते. त्यांपैकी प्रत्यक्ष शुद्ध होते सुमारे 2,000 कोटी लिटर. उरलेले नदी-नाल्यांत व जमिनीत जाते. कारखाने निर्दोष आहेत असे नव्हे. तो विषय मोठा आहे, त्याविषयी पुन्हा केव्हातरी. परंतु या सांडपाण्याचे धनी कारखानदार नसून न्हाणीघरे व शौचकूप वापरणारी साधी कुटुंबे आहेत.

धुराचेही तसेच. आपल्या फेस्तांच्या व लग्नांच्या जेवणावळींत पूर्वी केळीची पाने व पत्रावळी असत. दुसऱ्या दिवशी त्या गुरांपुढे अथवा खतात जात. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आहे. पण आतून प्लास्टिकचा लेप दिलेले कागदी पेले सर्रास चालतात, आणि मंडप उतरला की साऱ्या कचऱ्याला काडी लावली जाते. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर डायॉक्सिनसारखी विषे धुराबरोबर निघतात. पेटविणाऱ्यास मात्र वाटते की आपण स्वच्छता केली.

आता विहिरीकडे वळू, कारण येथे प्रश्न लेकरांच्या पोटाचा आहे. घरोघरी शौचकूप झाले ही मोठीच सुधारणा. परंतु त्याच अंगणात विहीर आणि विहिरीशेजारी शोषखड्डा, हे दृश्य आपल्या गावांत ठायी ठायी दिसते. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात भेगाही असतात. त्यांतून खड्ड्यातील पाणी पुरेसे गाळले न जाताच विहिरीत झिरपते. पावसाळ्यात भूजल वर चढले म्हणजे हे अंतर आणखीच कमी होते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, चवही बदलत नाही, आणि घरात जुलाब व कावीळ शिरते. मग दोष बाजारातल्या मासळीला!

पुष्कळ घरी जूनमध्ये विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून समाधान मानतात. त्या पावडरीचा गुण थोडे दिवस टिकतो. खड्डा मात्र बारा महिने झिरपत असतो. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान 18 मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, दूर असावा असे भारतीय मानक सांगते. सच्छिद्र खडकात त्याहूनही अधिक दूर असलेला बरा. नवे घर बांधणाऱ्यांनी हे अंतर पाया खणण्यापूर्वीच ठरवावे. ज्यांचे घर उभे आहे त्यांनी दोरी घेऊन माप घ्यावे, आणि ते कमी भरले तर पाणी तपासून घेऊन, निकाल हाती येईपर्यंत तरी, उकळूनच प्यावे. मात्र मोजताना केवळ आपलाच खड्डा मोजून भागत नाही. कुंपणापलीकडील शेजाऱ्याचा आपल्या विहिरीपासून किती दूर आहे ते पाहावे लागते, आणि त्याच्या विहिरीपासून आपला किती, तेही.