युद्ध संपले, विहिरी विषारीच राहिल्या

पर्यावरणाच्या प्रश्नावर जगाला उपदेश करण्याचा मक्ता पाश्चात्त्य जगाने अनेक दशके स्वतःकडे ठेवला. आपल्याकडील त्यांचे मानसपुत्र त्या उपदेशाची भाषांतरे करण्यात धन्यता मानत आले. या मंडळींनी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बॅजर दारूगोळा कारखान्याचा इतिहास एकदा मुळातून अभ्यासावा. तो आपणही अभ्यासावा, कारण त्यातील अर्धा धडा आपल्यासाठी आहे.

1942 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकी सरकारने सॉक प्रेअरी या सुपीक गवताळ प्रदेशातील सात हजारांहून अधिक एकर जमीन ताब्यात घेतली. सुमारे 90 शेतकरी कुटुंबे विस्थापित झाली. त्या शेतांवर निर्धूम दारू आणि पुढे अग्निबाणांचे इंधन तयार होऊ लागले. महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम अशा तीन युद्धांना या कारखान्याने दारू पुरवली. 1975 मध्ये उत्पादन थांबले. टाकाऊ दारू आणि रासायनिक द्रावके मात्र उघड्या खड्ड्यांत ओतून जाळली गेली होती. खाली हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि खडी. डायनायट्रोटोल्युइन, कार्बन टेट्राक्लोराइड, ट्रायक्लोरोएथिलीन ही विषे तीतून झिरपत भूजलात उतरली आणि विस्कॉन्सिन नदीच्या दिशेने सरकू लागली. 1990 मध्ये कुंपणाबाहेरील घरांच्या विहिरींत दूषित पाणी आढळले. कारखाना थंडावून तोवर पंधरा वर्षे लोटली होती!

अमेरिकेत कायदा नव्हता काय? होता. विषारी स्थळांच्या शुद्धीकरणाचा ‘सुपरफंड’ कायदा 1980 मध्येच झाला आणि 1986 च्या दुरुस्तीने सरकारी आस्थापनाही त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आल्या. परंतु कायद्याच्या पुस्तकातून विहिरीत शुद्ध पाणी येत नाही. गावकऱ्यांना संघटना बांधावी लागली आणि अहवाल, सुनावण्या, तपासण्या यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागला. लष्कराने 2011 मध्ये परिसरासाठी नळपाणी योजनेचा प्रस्ताव मांडला आणि पुढे तो मागेही घेतला. न्याय्य बोलायचे तर तेथे बरेच कामही झाले. जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि दूषित मातीवर सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने प्रक्रिया झाली. पण भूजलात उतरलेले विष पुढल्या पिढीपर्यंत पोहोचते, हे सत्य जगातील सर्वांत श्रीमंत लष्करालाही पुसता आले नाही.

या भूमीचे मूळ पुत्र कोण? हो-चंक जनजाती. 1837 च्या तहाने त्यांच्याकडून ही भूमी काढून घेण्यात आली. स्थलांतरासाठी आठ वर्षे मिळतील, असा त्यांच्या प्रतिनिधींचा समज होता. कागदावर मात्र आठ महिने लिहिलेले होते. वारंवार हुसकावले जाऊनही हा समाज परतत राहिला. याच समाजाचा सुपुत्र मिचेल रेड क्लाउड 1950 मध्ये कोरियाच्या रणांगणावर अमेरिकेसाठी धारातीर्थी पडला. डिसेंबर 2014 च्या कायद्याने कारखान्याची सुमारे 1,500 एकर जमीन हो-चंक समाजाकडे परत येण्याचा मार्ग मोकळा झाला. निर्मळ भूमी नेली आणि विष मुरलेल्या कारखान्याची जागा परत केली, असा हा न्याय! तरीही त्या समाजाने तिला ‘मा वाकांचाक’, म्हणजे पवित्र भूमी, असेच नाव दिले. त्या भाषेत ‘मा’ म्हणजे धरित्री. या साम्यावरून भाषिक नाते जुळवण्याचा भाबडेपणा नको; परंतु भावनेचे नाते ओळखायला कोशाची गरज लागत नाही.

स्वतःच्या नागरिकांच्या विहिरींबाबत जिथे इतकी टाळाटाळ होते, तिथे परक्यांना काय मिळणार? भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील 337 टन विषारी कचरा 1984 नंतर तब्बल चाळीस वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये, पीथमपूरला हलवला गेला आणि भारताच्याच भूमीवर जाळला गेला. मानवी हक्कांच्या प्रवचनकारांना त्या चाळीस वर्षांचा जाब कोणी विचारला?

आता आपल्याकडे वळू. बॅजरचे उदाहरण हाती लागताच आपले तथाकथित शांततावादी ‘दारूगोळा कारखानेच नकोत’ अशी हाकाटी सुरू करतील. ती धुडकावलीच पाहिजे. शेजारी कोण आहेत, हे ठाऊक असलेले राष्ट्र शस्त्रहीन राहू शकत नाही. खडकी, भंडारा, वरणगाव येथील कामगार स्फोटकांशी खेळत देशाची सेवा करतात, त्यांच्याविषयी कृतज्ञताच हवी. परंतु आपल्यातीलही काही जण कारखान्याभोवतीच्या पाण्याविषयी प्रश्न विचारणाऱ्याच्या राष्ट्रनिष्ठेवर शंका घेतात. तीही तितकीच चूक आहे. सीमेवरील जवानाचे आईवडील ज्या विहिरीचे पाणी पितात, ती विहीर शुद्ध राखणे हेही राष्ट्ररक्षणच नव्हे काय?

2021 मध्ये 41 आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियमही अधिसूचित केले. संधी समोर आहे. प्रत्येक निर्माणीच्या परिसरातील भूजलाची नियमित तपासणी व्हावी. संरक्षणविषयक गुप्तता राखूनही पाण्याचे निष्कर्ष ग्रामपंचायतीला कळावेत. भविष्यातील शुद्धीकरणाचा निधी उत्पादन सुरू असतानाच बाजूला काढला जावा. टाळे लागल्यावर पैसा कोणी देत नाही, हाच बॅजरचा धडा आहे.

सकाळी जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी धरतीची क्षमा मागण्याचा संस्कार आपल्या घरांत आहे. क्षमा मागणाऱ्याने अपराध निस्तरायचाही असतो. मातृभूमीचा जयघोष करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या परिसरातील पाण्याचा अहवाल मागावा. तो मागण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्यही आपलेच आहे.