राबाचा धूर आणि ५ जूनचे फोटो

मंडळी, ५ जून आला की आपल्या सगळ्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. एक रोप, आठ हात, मागे बॅनर. माझ्याकडे बातमी येते, मीही लावतो. पुढच्या वर्षी खड्डा तोच असतो, रोप तेवढं नवं. विजेवरच्या गाड्यांचं कौतुक करतो, तेही करायलाच हवं. पण हवामान बदलाची आपली चर्चा झाड आणि गाडी यांच्या पुढे जात नाही. शेतजमीन त्यात येतच नाही.

परवा नाणे मावळात गेलो होतो. खाचरांच्या कडेला राब भाजून काळे पडलेले चौकोन दिसत होते. आकुर्डी-निगडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्यांसाठी सांगतो. भाताची रोपं जिथे करायची ती जागा आधी भाजतात. शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे आणि पेटवायचे. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमात येतं. जुन्या लोकांनी हे उगाच नाही केलं. पण जे शेण आणि पाला मातीत जायचा तो धुरात जातो, आणि त्यासाठी डोंगरावरची झाडं दरवर्षी खांडली जातात. मग चिखलणी. खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते आणि कुजण्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. आता म्हणून भात बंद करा असं कोणी म्हणू नका. इंद्रायणी सोडून आपण खाणार काय?

पद्धत मात्र बदलता येते. घाट उतरून नेरळला जा. तिथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, बघा. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं उपटायची नाहीत, नांगरायचंही नाही. मुळं जागच्या जागी कुजतात, सेंद्रिय कर्ब जमिनीत राहतो, गांडुळं येतात. वाफा उंच असल्याने मुळांना हवा मिळते. आपल्याकडे तर हे आणखी सोयीचं, कारण घरची पोरं चाकण-तळेगावला शिफ्टला जातात आणि लावणीला माणूस मिळत नाही. खोट एकच, तणनाशक लागतं, आणि आपल्याकडचं शेताचं पाणी शेवटी इंद्रायणीतच येतं. हे झाकून चालणार नाही.

तिथल्या एका काकांना हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करू की पत्रकार. पण पलीकडच्या बांधापर्यंत प्लॉटिंग आलंय. पोरं म्हणतात, विकून टाका."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुंठामंत्री म्हणून आपण हसतो खरं, पण एकरभर भाताचे पैसे आणि एका गुंठ्याचा भाव शेजारी ठेवून बघा. मातीत कर्ब वाढायला वर्षं जातात. मुरूम टाकून गेट बसवायला आठवडा पुरतो, आणि मग ती माती पुन्हा शेताची होत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शेतकऱ्याला पर्यावरण शिकवत बसण्यापेक्षा शहराने गिऱ्हाईक व्हावं. पिंपळे सौदागर, वाकड, मोशीच्या सोसायट्या तांदूळ पोत्याने घेतात. जो राब भाजत नाही त्याच्याकडून थेट घ्या, किलोमागे चार पैसे जास्त द्या. दुसरं, ओला कचरा. मोशीच्या डेपोत तो ढिगाखाली दबला की तिथूनही मिथेनच निघतो. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा असलेल्या सोसायट्यांना तो आपल्याच आवारात जिरवण्याचा नियम आहे. झालेल्या खताचं करायचं काय, म्हणून सेक्रेटरी डोकं धरून बसतात. ते खत चाळून, काच-प्लास्टिक काढून मावळात आणि वाडा-भोरगिरीकडे पोचवायला पालिकेला एक टेम्पो जड नाही. कृषी खात्याने साचे गावात द्यायचे तर मे महिन्यात द्यावेत. जुलैत शिबिर घेऊन फक्त फोटो निघतो.

मावळात किंवा खेडच्या पश्चिम पट्ट्यात कोणी एसआरटी करून पाहिली असेल तर उतारा किती आला, तण किती झालं, खरं खरं लिहा. फसली असेल तरी लिहा. आणि ज्या सोसायटीत खत पडून आहे त्यांनी मला फोन करा, काकांचा बांध अजून शाबूत आहे.