पांचवी चिमणी

वसंत ऋतूचें आगमन झालें म्हणजे आपल्या इकडील झाडें पाहण्यासारखीं होतात. सांवरीवर एक पान उरलेलें नसतें; पण तांबड्या फुलांनीं ती सर्वांगीं बहरलेली असते, आणि त्यांतील मध चाखावयास साळुंक्या, बुलबुल, कावळे व भोरड्या यांची सकाळपासून गर्दी उसळते. अशा वेळीं झाडाखालीं अर्धा तास स्वस्थ बसून पांखरें पाहणें, यापरतें स्वस्त व निर्दोष मनोरंजन दुसरें नाहीं. यास बॅट नको, चेंडू नको, पैसाही नको. परंतु ही केवळ करमणूक आहे असें समजणें चुकीचें होईल. माझ्या मतें ख्रिस्ताच्या शाळेंतील हा एक पाठच आहे.

डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें शिष्यांस आकाशांतील पांखरांकडे लक्ष देण्यास सांगितलें. ही आज्ञा आपण केवळ अलंकार समजून सोडून देतों. ती एकदां अक्षरशः पाळून पाहावी. पहिल्या दिवशीं आपणांस नुसत्या ‘चिमण्या’ दिसतात. आठ दिवसांनीं गळ्यावर काळा डाग असलेला नर व तसा डाग नसलेली मादी हीं वेगळीं ओळखूं येतात. पुढें काडी घेऊन वळचणीस जाणारी, पंखाचें पीस मोडलेली, इतरांनीं हुसकून दिलेली, अशी एकएक चिमणी निराळी दिसूं लागते. थवा नाहींसा होतो आणि जीव दिसूं लागतात.

आतां शुभवर्तमानांतील हिशेब पाहा. मत्तयाच्या दहाव्या अध्यायांत एका दमडीस दोन चिमण्या मिळतात. लूकाच्या बाराव्या अध्यायांत दोन दमड्यांस पांच. म्हणजे पांचवी चिमणी गिऱ्हाइकास फुकट! बाजारांत जिला किंमतच नाहीं, तिचाही देवास विसर पडत नाहीं, असें प्रभु सांगतो.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचें उदाहरण येथें आठवतें. लहानपणीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून त्यांस नवल वाटलें, व तिची ओळख विचारण्यास ते मुंबईंत १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरींत गेले. त्या एका पडलेल्या चिमणीनें त्यांच्या आयुष्यास वळण लाविलें. १९८५ सालीं निघालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रास त्यांनीं ‘चिमणीचें पडणें’ या अर्थाचें नांव दिलें. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि ते शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकांतले असून, त्यांच्यामागें मत्तयाचा तोच दहावा अध्याय आहे.

येथें कोणी विचारील, देव जर चिमणीची इतकी काळजी वाहतो, तर ती पडते कां? प्रश्न रास्त आहे. घरट्यांतून पडलेलें पिलूं ज्यानें ओंजळींत उचललें आहे, त्यास तो टाळतां येणार नाहीं. पण चिमणी कधींच पडणार नाहीं, असें वचन प्रभूनें कोठेंही दिलेलें नाहीं. तिच्या पडण्याच्या घटकेसही पिता दूर नसतो, एवढेंच त्यानें सांगितलें. आणि सांगणारा स्वतः वधस्तंभावर गेला, कबरेंत ठेविला गेला, व तिसऱ्या दिवशीं उठला. उपवासकाळ व पुनरुत्थानाचा सण याच ऋतूंत येतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्याच्या शब्दांचें वजन कळतें.

विद्यार्थिमित्रहो, याच दिवसांत परीक्षाही येते. निकालाच्या फलकापुढें वर्ग हा एक थवा होतो, आणि वरचीं चार नांवें तेवढीं सर्व वाचतात. ज्याचें नांव त्या फलकावर नाहीं, तो शेवटच्या बाकावरील सोबती ही आपली पांचवी चिमणी. झाडाखालीं ज्याची नजर तयार झाली, त्यास तो दिसल्यावांचून राहणार नाहीं.

आईबापांसही एक विनंति आहे. मुलाच्या हातीं गलोल दिसल्यास नुसतें रागावूं नये. रविवारीं उपासनेनंतर त्यास बरोबर घेऊन घटकाभर सांवरीखालीं बसावें. आणि निकालाच्या दिवशीं आपलेंच लेंकरूं पडलेलें आढळलें, तर स्वर्गीय पिता ज्या दृष्टीनें चिमणीकडे पाहतो, त्याच दृष्टीनें त्याकडे पाहावें.