गोणीवर आकडे, पुड्यावर वाघ



आज पिकाचं नाही, पोरांच्या खाऊच्या पुड्याचं लिहितोय. पण सुरुवात खताच्या गोणीपासून करतो, म्हणजे मुद्दा लगेच कळंल.

गोणीवर समोरच ठळक लिहिलेलं असतं, 10:26:26. म्हणजे नत्र 10 टक्के, स्फुरद 26, पालाश 26. फवारणीच्या औषधाची बाटली घ्या. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाचता न येणारा गडीसुद्धा रंग बघून सावध होतो. हे कंपन्यांनी प्रेमापोटी केलेलं नाही, कायद्यानं करायला लावलंय.

आता पोराच्या हातातला 5 रुपयांचा पुडा घ्या. समोर गॉगल लावलेला वाघ नाहीतर उड्या मारणारं माकड. रसाच्या बाटलीवर आंब्यांचा ढीग. साखर किती, मीठ किती, तेल किती हे मात्र मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, तेही बहुतेक इंग्रजीत. पिकाला काय घालतो ते समोर, आणि पोराच्या पोटात काय जातंय ते मागं. हा कुठला न्याय?

वाघ तिथं उगाच बसवलेला नाही. चार वर्षांच्या पोराला अक्षर कळत नाही, चित्र कळतं. म्हणून चित्र पोरासाठी काढलंय. भडक रंग, आत स्टिकर नाहीतर खेळणं, किंमत खाऊच्या पैशात बसणारी, आणि दुकानात माळ अशी टांगलेली की पोराचा हात पोचंल.

कुणी म्हणंल, आईबापांनी लक्ष द्यावं. द्यावंच. पण दिवसभर खुरपणीला गेलेली आई रडणाऱ्या पोरापुढं किती टिकणार? एका बाजूला ती एकटी आणि दुसऱ्या बाजूला जाहिरातीची अख्खी फौज. ही बरोबरीची कुस्ती नाही.

उपाय नाही असंही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं 2016 पासून नियम लावला. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक मर्यादेपेक्षा जास्त असतील तर पुड्याच्या समोर काळा अष्टकोनी शिक्का मारायचा. आणि ज्याच्यावर शिक्का, त्याच्यावर पोरांना भुलवणारं चित्र छापायचं नाही. साखर लावलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावरचा प्रसिद्ध वाघसुद्धा तिथं उतरवावा लागला. माल विकायला बंदी नाही, फसवायला आहे.

आपल्याकडं शाकाहारी मालावर हिरवा ठिपका समोर लावावाच लागतो. म्हणजे समोर खूण लावता येते. मग साखरेची, मिठाची का नको? जास्त साखर, मीठ, चरबीचा माल शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत पोरांना विकायचा नाही, असा नियम 2020 सालीच निघालाय. आपापल्या गावच्या शाळेच्या फाटकात उभं राहून बघा, किती पाळला जातोय.

तोवर आपल्या हातात काय आहे?

1. पुडा उलटा करा. घटकांच्या यादीत जे वजनानं जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असंल तर समजून जा.

2. आकडा बहुतेक 100 ग्रॅममागं असतो. 25 ग्रॅम साखर म्हणजे चौथा हिस्सा साखर.

3. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत 50 मीटरच्या नियमाचा ठराव मांडा. दुकानदार आपलाच माणूस आहे, भांडू नका. शेंगदाणा चिक्की, फुटाणे, केळी ठेव म्हणा. तो माल आपल्याच शिवारातला आहे.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा नसंल तर आपण ती घेत नाही. मग पोराच्या बाबतीत वाघाचं तोंड बघून पैसे का द्यायचे? वाघ मागं जाऊ द्या, आकडे पुढं येऊ द्या. एवढीच मागणी आहे.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.