'व्यायाम कर' म्हणणे सोपे आहे

आपल्या समाजात फुकट मिळणारे औषध एकच, ते म्हणजे सल्ला! त्यातही 'व्यायाम कर' हा सल्ला सर्वांत स्वस्त. माझ्या थोरल्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आजार आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होतो, व्रण पडतात, रक्त जाते आणि दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला धावावे लागते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे रिपोर्ट वाचून आईला समजावण्याचे काम माझ्याकडे आले. ती म्हणाली, "म्हणजे मूळव्याधच ना गं?" नव्हे. शरीराची संरक्षक शक्तीच येथे आतड्यावर उलटते. क्रोन्स हे याचेच भावंड. दोन्ही आजार औषधांनी ताब्यात राहतात, पण मुळापासून जात नाहीत.

आता व्यायामाविषयी. तो निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतील जवळजवळ दोन लाख परिचारिकांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. भरपूर हालचाल करणाऱ्या स्त्रियांत क्रोन्सचे प्रमाण कमी आढळले. कोलायटिसच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. २०१७ साली जर्मनीत कोलायटिसच्या ७७ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यात बारा आठवडे योगासने करणाऱ्यांचे जगणे, नुसती माहितीपत्रके वाचणाऱ्यांपेक्षा अधिक सुसह्य झाले. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, त्यावरही चालण्याचा उपयोग होतो. इंग्लंडचा नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह याला १९९२ साली हाच आजार असल्याचे कळले, तरी १९९६ व २००० च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदके मिळविली.

पण या सर्वांतून 'औषध सोडा' असा अर्थ कोठे निघतो? एका योगवर्गाच्या गुरुजींनी दादाला नेमके तेच सांगितले. गोळ्या बंद, कपालभाती सुरू! तीन आठवड्यांत पुन्हा रक्त पडू लागले, तो इस्पितळात गेला आणि पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. गुरुजी म्हणाले, श्रद्धा कमी पडली. हे ऐकून मला जो संताप आला तो या पानावर मावणार नाही. दाह उसळलेला असताना जोराचा व्यायाम करू नये, आणि किती करावा हे डॉक्टरांना विचारावे, एवढी साधी गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा कोणी बोलतच नाही, कारण तो शौचालयाचा आहे. कामोठ्यात रस्ते रुंद आहेत, चालायला जागा आहे. पण घरापासून अर्धा मैल गेल्यावर कळ आली तर जायचे कोठे? हार्बर लाइनच्या लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून दादा मानसरोवर स्टेशनावरून गाडी पकडण्यापूर्वी काही खातच नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००५ साली कायदा केला, की अशा रुग्णाला दुकानदाराने कर्मचाऱ्यांचे शौचालय वापरू द्यावे. आपल्याकडे रुग्णाने आधी लाज गिळायची आणि मग विनंती करायची! दादा सध्या इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारतो, कारण दार जवळ असते.

आपल्या कॉलेजात क्रीडासप्ताहात सर्वांनी मैदानावर यावे असा आग्रह असतो, आणि मैदानाजवळच्या शौचालयाला मात्र कुलूप असते. किल्ली शिपाईकाकांकडे, आणि काका कँटीनमध्ये. अशा दुखण्याचा एखादा विद्यार्थी आपल्यातही असेल; तो 'पोट दुखते' एवढेच सांगून घरी बसत असेल. जिमखान्याच्या सरांना माझी विनंती आहे की येत्या क्रीडासप्ताहाआधी ते कुलूप काढावे.