पाचवी-आठवीची परीक्षा परतली. पण नापास मुलाला शिकवणार कसं?

सोलापूर : पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्यात २०२३-२४ पासून लागू झाली. ‘परीक्षेची भीती नसेल तर मुलं अभ्यासच करत नाहीत,’ असं म्हणणाऱ्या अनेक पालकांना त्यामुळे हायसं वाटलं. पण परीक्षा हवी की नको यापेक्षा ती कशासाठी घ्यायची, हा प्रश्न मोठा आहे.

नियम काय आहे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुणालाही नापास करता येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना तशी मुभा मिळाली. नापास विद्यार्थ्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही तो नापास झाला तर त्याच वर्गात बसवायचं. शाळेतून मात्र काढता येत नाही.

चाचणीमुळे शिकणं सुधारतं का?

हो, पण कोणत्या चाचणीमुळे हे महत्त्वाचं. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने चित्र उलटलं : आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं ५६ टक्के लक्षात होतं, पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के. त्या सरावात पास-नापास नव्हतं.

परितेवाडी काय सांगते?

गुणपत्रिका मूल अडलं हे सांगते, का अडलं ते सांगत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला. तेव्हा वर्की फाउंडेशनने दिलेल्या माहितीनुसार, तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. डिसले यांनी पुस्तकं मुलींच्या भाषेत आणली, त्यांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता, व्हिडिओ, गोष्टी आणि स्वाध्याय मोबाइलवर. अशा मुलीला नुसतं नापास करून काय साधलं असतं?

मग करायचं काय?

पुनर्परीक्षेआधीचे दोन महिने हीच नव्या नियमाची खरी कसोटी आहे. तेच धडे त्याच पद्धतीने पुन्हा वाचून दाखवले तर निकालही तोच लागेल. त्यापेक्षा मूल नेमकं कुठे अडतंय ते शोधावं आणि तेवढंच वेगळ्या पद्धतीने, गरज असेल तर घरच्या भाषेत शिकवावं. वर्षभर दर आठवड्याला पाच-सहा प्रश्नांची, गुण न देणारी चाचणी घेतली तर ही वेळच कमी मुलांवर येईल. पालकांनीही ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘कोणता प्रश्न अडला?’ हे विचारायला हवं.