अंडाशयं ठेवली की काढली?

कापूस वेचणीचे दिवस आहेत. भडगावजवळ गिरणाकाठच्या एका वावरात परवा संध्याकाळी काट्यावर गाठोडी लागली होती. पस्तिशीची एक बाई आपलं गाठोडं उचलायला वाकली, गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठली आणि तशीच खाली बसली. शेजारणीनं हात लावला तेव्हा ते काट्यापर्यंत गेलं. "पिशवी काढी टाकी, आते आंगमा जोर नही ऱ्हायना," ती म्हणाली. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याबरोबर अंडाशयंही काढली का, असं विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

या तक्रारीला आपल्याकडे एकच नाव आहे, अशक्तपणा. त्यावर सलाईन, नाहीतर ताकदीच्या गोळ्या. रक्त कमी असेल, ताटात डाळ कमी असेल. ते तपासलंच पाहिजे. पण आणखी एक कारण असू शकतं आणि ते बाईला कोणी सांगत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, हे आता खेड्यातही ठाऊक झालं आहे. स्नायूंचं काय होतं, हे मात्र दवाखान्यातही बोललं जात नाही.

स्नायूचा एकेक तंतू अनेक पेशी एकमेकींत मिसळून घडतो. त्या तंतूला चिकटून काही पेशी निजलेल्या असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत दाखवून दिल्या. त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. शेतकऱ्याच्या घरात हे कणगीतलं राखीव बियाणं. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, काही तंतूत मिसळून तूट भरून काढतात आणि काही पुढच्या वेळेसाठी परत निजतात. सगळंच बियाणं पेरलं गेलं, किंवा कणगीतच किडलं, तर पुढच्या हंगामाला हातात काही राहत नाही.

ही कणगी राखण्याचं काम बाईच्या शरीरात मुख्यतः अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं. या पेशींमध्ये त्याचा निरोप घेणारं एक प्रथिन असतं, इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राहक. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात मादी उंदरांच्या याच पेशींतून तो ग्राहक काढून टाकला. रक्तात इस्ट्रोजेन होतं, पण निरोप घ्यायला कोणी उरलं नाही. पेशी मरू लागल्या, साठा आटला. अंडाशयं काढलेल्या उंदरांतही तसंच झालं : पाच वेगवेगळ्या स्नायूंत या पेशी ३० ते ६० टक्क्यांनी घटल्या. पाळी जाण्याच्या काळातल्या थोड्या स्त्रियांच्या स्नायूंचे तुकडेही तपासले गेले. इस्ट्रोजेन उतरत गेलं तशा त्यांच्याही पेशी कमी झालेल्या दिसल्या.

त्याच २०१९ साली आपल्या राज्यात काय समोर आलं? डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती, त्यातल्या बऱ्याच चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात. मग पिशवीच नको. आपल्या जळगाव जिल्ह्यातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. अंगात काम करायची ताकद राहावी म्हणून या बायांनी पिशवी काढून घेतली. जिथं तिच्याबरोबर अंडाशयंही गेली, तिथं त्याच ताकदीचं राखीव बियाणं धोक्यात आलं. नुसतं गर्भाशय काढलं तर अंडाशयं चालू राहतात, पण काही जणींत तीही काही वर्षं आधी थकतात.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत एक ओळ लिहा : अंडाशयं ठेवली की काढली. काढली असतील तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर बसून ठरवावं. त्या प्रत्येकीला चालत नाहीत. आशाताईंनी अशा बायांची नोंद ठेवावी, हात न टेकता खाटेवरून किती वेळा उठता येतं तेवढं पाहावं. आणि वावरात राबते ती बाई, तिला व्यायाम कशाला, हे म्हणणं सोडून द्यावं. दिवसभर कमरेत वाकून बोंडं वेचल्यानं कंबर मोडते, मांडीचा जोर वाढत नाही. त्यासाठी वजन घेऊन उठबस करावी लागते, आणि ताटात डाळ, शेंगदाणे, अंडं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या घरी गेलो. रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद तिनं काढून दिला. सगळा इंग्रजीत. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, दोन्ही बाजूंची अंडाशयं काढली. मी ते मराठीत वाचून दाखवलं. ऑपरेशनला तेव्हा चार वर्षं झाली होती.